बांधीतलं गाणं

मी कविता लिहिते हे गावात बरीच वर्षं कोणाला माहीत नव्हतं आणि त्यामुळे कोणाचं काही अडतही नव्हतं. मी आरोग्य सेविका आहे. मुलचेऱ्याकडच्या एका उपकेंद्रात माझी नोकरी. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, तापाच्या दिवसांत घरोघरी फिरून रक्ताचे नमुने घेणं, आणि हे सगळं केलं म्हणून रजिस्टरात भरणं. त्यातून वेळ उरला तर कविता. त्या बहुतेक घरच्याच असतात: आई, बाबा, धाकटा भाऊ, मी, मूल तालुक्यातलं आमचं धानाचं गाव. झाडांवर आणि नदीवरही लिहून पाहिलं होतं. वाचणाऱ्याला लगेच कळायचं, या बाईला झाडाशी काही घेणंदेणं नाही.

घरावर लिहायला लागले त्याला कविसंमेलनं कारण झाली. आमच्या भागात ती होत असतात, कधी शाळेच्या पटांगणात, कधी वाचनालयात. तिथे पुरुष कवी आईवर कविता वाचतात. त्या कवितेतली आई चुलीपाशी बसलेली असते, तिच्या डोळ्यांत धूर गेलेला असतो, ती सगळ्यांना पोटभर देते आणि स्वतः उपाशी निजते. वाचता वाचता कवीचा गळा दाटतो, ऐकणाऱ्यांचाही दाटतो. मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करायची, ही बाई सगळ्यांना देते हे खरं, पण कोणाला किती देते? माझं कामच ते आहे. एखाद्या गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी निघालं की गोळ्या हातावर ठेवण्याआधी मी विचारते, तुमच्या घरी आधी कोण जेवतं, मागून कोण, आणि मागच्याला काय उरतं. निर्वासित बंगाल्यांच्या गावांत विचारते, गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, विचारते, आमच्या लोकांत विचारते. उत्तरात फार फरक पडत नाही.

आमच्या घरी आधी बाबा आणि भाऊ जेवत. मग मी. मग आई. वाढायची आईच. बाबा ताटावर बसले की हातसुद्धा लांब करत नसत. पाण्याचा तांब्या वीतभर अंतरावर असला तरी कोणीतरी उचलून द्यायचा. ते वाईट नव्हते. त्यांच्या बाबांनीही असंच केलं असणार, आणि दुसरं काही करता येतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भावाच्या ताटात आई भाताचा ढीग करायची. त्याला मध्ये खड्डा, खड्ड्यात वरण. माझ्या ताटात गंजाच्या, म्हणजे भाताच्या पातेल्याच्या, बुडाला लागलेली खरवड यायची, ती थोडी करपलेली असे. मला ती आवडत नव्हती असंही नाही. पण आवडते की नाही हे कोणी विचारलं नव्हतं.

यावरच मी कविता लिहिली आणि गडचांदूरला एका वाचनालयाच्या कार्यक्रमात वाचली. त्या गावात सिमेंटची पांढरी धूळ खिडकीच्या गजांवरसुद्धा असते. माइक हातात घेताना तो मी रुमालानं पुसला होता. कविता लहान होती. मुलाच्या ताटात भाताचा डोंगर, मुलीच्या ताटात गंजाची खरवड, आणि शेवटी प्रश्न: आई, तुझ्या हाताला हे कधी कळलं नाही का? वाचून झाल्यावर टाळी जोरात वाजली. कार्यक्रम संपल्यावर बाया जवळ आल्या. एक म्हणाली, "ताई, आमच्याच घरचं हाये हे." दुसरी नुसता माझा दंड धरून उभी राहिली. कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं होतं. मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा खुशीत होते, हे सांगायला हरकत नाही.

टिपलेली कविता या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत आमच्या गावी पोचायला थोडे दिवस लागले. मग एका दुपारी भावजयीचा फोन आला. मी लसींचा डबा बंद करत होते.

"बाई, तुमची कविता पायली आम्ही."

"बरं मंग?"

"मंग काय? तुमच्या भावानं एकडाव पायली, दुसऱ्यांदा पायली अन् मोबाइल उलटा ठेवून देल्ला. तवापासून आपल्याच हातानं वाढून घेऊन राह्यले. माय ताट वाढून आणते तं हे म्हणते, ठेव, मी घेतो माह्या मनानं."

"घेऊ दे नं. हात नाई का त्याले?"

"हात हाये. पण मायनं काय कराचं?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. भावजय लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात वाटणी ठरली होती. रांधायचं तिनं, वाढायचं आईनं. आमच्याकडे घर कोणाचं हे सातबाऱ्यावरून कळत नाही, भाताचा सराटा, म्हणजे वाढायचा पळा, कोणाच्या हातात आहे यावरून कळतं. आईचे गुडघे गेले, शेतात जाणं सुटलं, विहीर सुटली, डोळ्यांना सुईदोरा दिसेनासा झाला. एक वाढणं तेवढं राहिलं होतं. दोन वेळा मुलापुढे ताट ठेवायचं आणि तो जेवेपर्यंत सराटा घेऊन बाजूला बसायचं. दिवसभरातलं तिचं काम तेवढंच, आणि त्या घरातली तिची जागाही तेवढीच.

आणखी एक गोष्ट. भावाला शुगर आहे. भात कमी कर म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, भावजय तर रोज सांगत होती, पण आईच्या सराट्यापुढे कोणाचं चालत नव्हतं. आता तो स्वतः वाढून घेत होता म्हणजे कमीच घेत असणार. नर्स म्हणून मला बरं वाटायला हवं होतं.

तरी मी रजा टाकली आणि गावाला गेले. रोवण्याचे दिवस होते. आमच्याकडे शेतात छोटे छोटे पाणी धरणारे तुकडे असतात, त्यांना बांधी म्हणतात. चिखल करून झाला की धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, उपटून बांधीत नेऊन एकेक रोवतात. चिखल करणं, पऱ्ह्यांच्या पेंड्या वाहणं पुरुषांचं काम. वाकून रोवणं बायांचं.

आई छपरीत, पुढच्या पडवीत, बसली होती. सुपात तांदूळ होते आणि ती खडे पाहत होती. दुकानातल्या त्या तांदळात खडे नव्हते.

"काय करून राह्यली माय?"

"काई नाई. बसून राह्यली. बसाले लावलं नं तुनं."

मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले. तिनं सुपातून वर पाहिलं नाही.

"कविता वाईट वाटली का तुले?" मी विचारलं.

"वाईट काऊन वाटन? गाणं माहंच हाये." तिनं न दिसणारा एक खडा वेचून अंगणात टाकला. "पण बांधीतलं गाणं बाहेर नेत नाई. तुले माहीत नव्हतं का?"

मला माहीत होतं.

लहानपणी रोवण्याला मी आईसोबत जायची. शाळेला त्या दिवसांत आम्हां मुलींची दांडीच असे. मुलं शाळेत जात. बायांची टोळी ओळीनं वाकलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलात, आणि एका टोकाकडून गाणं सुरू व्हायचं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. गाण्यात सासू असे, नवरा असे, दारू असे, न झालेलं पोर असे, झालेलं आणि गेलेलं पोर असे. जे घरी कधी कोणाच्या तोंडून निघालं नसतं ते तिथे सुरात निघायचं. खाली पाहून रोवायचं असल्यानं कोण गातंय त्याच्याकडे कोणी पाहत नसे. आणि नियम एकच होता. बांधीत गायलेलं धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधापलीकडे, न्यायचं नाही. संध्याकाळी पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले की कोणी कोणाला विचारायचं नाही, तू गायलीस ते खरं का. जिनं बाहेर नेलं तिला दंड असे. तिनं घरून रांधून आणायचं आणि अख्ख्या टोळीला धुऱ्यावर बसवून आपल्या हातानं वाढायचं. शेवटची बाई उठेस्तोवर स्वतः खायचं नाही. मी लहान असताना एका सुनेनं दुसरीच्या सासूजवळ गाणं पोचवलं होतं. तिला असं वाढताना मी पाहिलं होतं.

आईचं गाणं असं होतं:

लेकाच्या ताटी वं भाताचा डोंगर
लेकीच्या ताटी वं गंजाची खरवड
कोणं वाढलं असं, इचारू नोका बाई
चिखलात बुडला हाये, तोच तो हात बाई

पहिल्या दोन ओळी मी घेतल्या. पुढच्या दोन मला पाठ होत्या. कागदावर लिहूनही पाहिल्या होत्या, आणि खोडल्या. त्या ठेवल्या असत्या तर माझ्या कवितेला काम उरत नव्हतं. आईनं स्वतःच कबूल केलेलं असेल तर मी व्यासपीठावर उभी राहून तिला काय विचारणार? तुझ्या हाताला कळलं नाही का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्मानंतर दहाएक वर्षांतच चिखलात उभं राहून तिनं दिलं होतं. आपल्याच घराबद्दल खरं लिहिणाऱ्या कवीला जेवढं खरं सोयीचं असतं तेवढंच तो घेतो. हे मी इतरांच्या कवितांबद्दल बरेचदा बोलले आहे.

संध्याकाळी भाऊ शेतातून आला नाही म्हणून मीच बांधीकडे गेले. तो फावड्यानं धुऱ्याचं तोंड बांधत होता. मला वाटलं होतं रागावलेला असेल. रागाला काय उत्तर द्यायचं ते मी वाटेत ठरवून ठेवलं होतं.

"या कवयित्रीबाई," तो म्हणाला. "नवीन आणली का?"

"मायच्या हातचं काऊन नाई जेवत?"

"तुनं लिवलं नं, मी डोंगर खाल्ला म्हून."

"डोंगर वाढला असं लिहिलं. खाल्ला असं नाई लिहिलं."

"वाढला तं खाल्लाच असन. का ढोरायले घातला?"

मला हसू आलं. त्याला आलं नाही. त्यानं फावडं चिखलात रोवलं.

"बाई, मी एवढासा पोट्टा होतो. तुह्या ताटात काय हाये मले का माहीत? मी माह्या ताटात पाहून खात होतो. आता घास उचलला का तुही खरवड दिसते. अन् माय समोर बसून राह्यते सराटा घेऊन. मले नाई गिळत. म्हून म्हणतो, मले कोणी वाढू नोका. दुसरं काई नाई."

रागासाठी तयार केलेलं माझं उत्तर तिथे काही कामाचं नव्हतं.

"अन् आणखी सांगू?" तो म्हणाला. "तुले नर्सिंगले कोणं धाडलं?"

"बाबानं."

"बाबानं, बरोबर. कायच्या भरवशावर? मी दहावी झालो अन् नांगराले लागलो. मले आयटीआयले जाचं होतं चंद्रपूरले. फिटर होणार होतो मी. ते नाई आलं कवितेत."

"ते कवितेत बसत नव्हतं."

"कसं बसन? लय मोठा झालो नं मी, डोंगर खाऊन खाऊन."

तो पुन्हा कामाला लागला. मी धुऱ्यावर उभी राहिले. तो म्हणाला ते खरं होतं. मुलगी शिकायला गेली तर घरातलं एक खाणारं तोंड कमी होतं, मुलगा गेला तर शेत रिकामं पडतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं, मलाही विचारलं नव्हतं. माझ्या बाजूनं ते चुकून चांगलं निघालं, एवढंच. नांगरणीच्या आधी बैलाला सरकीची ढेप घालतात. आई भावाला तसं वाढत होती का? तिच्या मनात तसं नसणार. पण त्या भाताचं पुढे जे झालं ते हेच झालं. मी बैलाची ढेप मोजत बसले होते, जू मोजलं नव्हतं.

हे कळून घरातली अडचण सुटत नव्हती. रात्रीच्या जेवणाला आईनं नेहमीसारखं ताट वाढलं आणि तो आला तेव्हा हातात घेऊन उभी राहिली. त्यानं ते घेतलं, मला दिलं, आणि दुसरं ताट घेऊन गंजापाशी स्वतः बसला. म्हणजे आईनं त्याच्यासाठी वाढलेला ढीग माझ्यापुढे आला. मी तो खाल्ला, टाकून कसं चालेल? आई रिकाम्या हातानं भिंतीला टेकून पाहत होती. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं फोन कशासाठी केला होता ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याच शेतात रोवणा होता. मी साडी खोचून बांधीत उतरले. टोळी बरीचशी नवी होती, आईच्या वेळच्या दोघीतिघी उरल्या होत्या. त्यातली सगळ्यांत म्हातारी आता वाकू शकत नाही. ती धुऱ्यावर बसून पेंड्या सोडून देते आणि सगळ्यांवर लक्ष ठेवते.

"आली का वं गाणं चोरणारी?" तिनं वरून हाक दिली.

"चोरलं नाई, आत्या. मायचं होतं."

"मायचं होतं तं मायजवळ ठेवाचं. लाउडपिकरवर काऊन नेलं?"

सगळ्या हसल्या. माझ्या शेजारची सून म्हणाली, "आता आपण काई गायलं तं गडचांदूरले आयकू जाईन."

"दंड लागते," म्हातारी म्हणाली.

"आत्या, आता मोबाइलवर सगळं जग सगळं पाहते. कुठचा दंड?" मी म्हणाले.

"जग कुठी काई म्हणून राह्यलं? टोळी म्हणून राह्यली."

उद्या टोळीचं जेवण आणायचं मी कबूल केलं. त्यांच्यापैकी कोणी रागानं बोलत नव्हतं, पण त्या दिवशी शेवटपर्यंत कोणी गाणंही सुरू केलं नव्हतं. ते माझ्या नंतर लक्षात आलं. माझ्यामुळे टोळी मुकी झाली होती.

सकाळी भावजयीनं आणि मी मिळून रांधलं. भात, तुरीचं वरण, तरोट्याची भाजी, वाळल्या झिंग्यांची चटणी. गंज डोक्यावर घ्यायला मी उचलणार तेवढ्यात आई छपरीतून उठली. हातात काठी आणि सराटा.

"मी येतो," ती म्हणाली.

"चिखल हाये माय. घसरशील."

"चिखल का मले माहीत नाई?"

भावजय तिला धरून घेऊन आली. शेतापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर टोळी पाटावर हात धुऊन धुऱ्यावर बसली होती, पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. पेंड्या वाहणारे दोन गडी आणि माझा भाऊ जरा बाजूला, ओळीच्या शेवटी बसले होते. पुरुषांना आधी वाढायचं असतं, पण दंडाच्या पंगतीला टोळीचाच मान पहिला. मी गंज उघडला. आईनं माझ्या आधी सराटा आत घातला.

"तू नोको," म्हातारी म्हणाली. "जिनं नेलं तिनं वाढाचं."

"तिनं अर्धंच नेलं," आई म्हणाली. "पुरं माह्याजवळ हाये. दंड माहाच हाये."

आणि उभ्या उभ्या तिनं शेवटच्या दोन ओळी म्हटल्या. गायल्या नाहीत, तिचा गळा आता चालत नाही. दुकानातून काय आणायचं ते सांगावं तशा म्हटल्या. कोणं वाढलं असं, इचारू नोका बाई. चिखलात बुडला हाये, तोच तो हात बाई. बांधीतलं गाणं पुरुषांसमोर म्हणत नाहीत. आईनं ते ओळीच्या शेवटी बसलेल्या तिघांसमोर म्हटलं आणि एकदाही तिकडे पाहिलं नाही. एका गड्यानं मान खाली घातली. मग म्हातारीनं आपली पत्रावळ पुढे सरकवली आणि म्हणाली, "वाढ."

आईनं वाढलं. एकेकीपुढे वाकायला तिला त्रास होत होता. भावजयीनं गंज धरला, मी वरण घेऊन मागे चालले. ओळ संपता संपता आम्ही भावापाशी आलो. त्याच्या पुढे पत्रावळ होती. आता इथे, सगळ्या टोळीसमोर, आपल्या हातानं घेतो म्हणणं त्याला शक्य नव्हतं, आणि नाही म्हणणंही. त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला होता. सराटा भरून आई त्याच्या हाताच्या वर थांबली.

माझ्या सबंध आयुष्यात मी तिला ते विचारताना ऐकलं नव्हतं. ना बाबांना, ना त्याला, ना मला. पाहुण्यांना ती विचारायची, घरच्यांना कशाला विचारायचं?

"किती वाढू?" ती म्हणाली.

भावानं वर पाहिलं. मग हात काढून घेतला. "दोन," तो म्हणाला.

तिनं दोन सराटे वाढले. तिसरा तिच्या हातानं आपोआप भरला, वर आला, आणि पुन्हा गंजात उतरला. ती पुढच्या गड्याकडे वळली. भाऊ जेवला. बाया जेवता जेवता चिखलाबद्दल, डासांबद्दल, कोणाच्या तरी जावयाच्या गाडीबद्दल बोलायला लागल्या. दुपारनंतर बांधीत गाणं सुरू झालं. मी त्यातलं काय ऐकलं ते इथे लिहिणार नाही.

रजा संपली आणि मी मुलचेऱ्याला परत आले. कवितेत आईच्या शेवटच्या दोन ओळी घातल्या, माझा प्रश्न काढला. भावाचा नांगर आणि त्याचं फिटर होणं घालून पाहिलं, ते मात्र अजून जमलेलं नाही. त्या ओळी बातमीसारख्या वाटतात. नवी कविता एका ठिकाणी वाचली. टाळी पहिल्या वेळेपेक्षा कमी पडली. संग्रहात घ्यायची तर जुनीच घ्या, तीच धारदार आहे, असं एका जाणत्या माणसानं सांगितलं. त्यांचं म्हणणं कवितेपुरतं बरोबर असेल. जुनी मी कुठेही देत नाही. भाऊ फोनवर अधूनमधून विचारतो, "माहा नांगर आला का?" मी म्हणते, "नाई अजून." तो म्हणतो, "असू दे, घाई नाई."

आईचं काम तिला परत मिळालं. पण जसं होतं तसं नाही. "इचारून वाढा लागते आता," ती मला म्हणाली. "घरच्या माणसाले पाहुण्यावानी. माह्या लेकाले किती पायजे मले ठाऊक नाई का?"

"त्याच्या शुगरले तेच बरं हाये, माय."

"तुले सगळी शुगरच दिसते," ती म्हणाली आणि फोन भावजयीकडे दिला.

भावजय छपरीच्या बाहेर येऊन हळू बोलली. रोज आई विचारते, किती. रोज तो सांगतो, दोन. पण एखाद्या दिवशी आई फार गप्प असली, सकाळपासून कोणाशी बोललीच नसली, तर तो म्हणतो, अडीच. मग आई सराटा थोडा जास्त भरते, थापून, आणि तो सगळा खातो.

"तुमाले सांगू नोको म्हणते तुमचे भाऊ," ती म्हणाली. "पण तुम्ही रजिस्टरात दोनच लिवा."